महत्त्वाकांक्षी पत्ता

महत्त्वाकांक्षी पत्ता हा हातचलाखीवर आधारलेला पत्त्यांच्या जादूचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. प्रेक्षकाने निवडलेला, बहुधा त्याच्या सहीचा पत्ता कॅटाच्या मधोमध ठेवला जातो आणि क्षणार्धात तोच पत्ता सर्वांत वर आलेला दिसतो. हे एकदाच घडत नाही. पत्ता पुन्हा मध्ये ठेवला जातो, पुन्हा वर येतो, आणि प्रत्येक खेपेस परिस्थिती अधिक अशक्य वाटावी अशी रचना केलेली असते. खाली राहण्यास नकार देणारा, सतत वर चढू पाहणारा पत्ता या कल्पनेवरून प्रयोगाला हे नाव मिळाले. इंग्रजीत तो ‘अँबिशस कार्ड’ म्हणून ओळखला जातो. जवळून दाखवल्या जाणाऱ्या जादूच्या प्रकारात याची गणना मूलभूत प्रयोगांत होते. पत्त्यांची जादू गांभीर्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी केव्हा ना केव्हा याच्यापाशी येतो.

स्वरूप

प्रयोगाला लागणारे साहित्य अगदी थोडे आहे: बावन्न पत्त्यांचा एक साधा कॅट आणि सही करण्यासाठी न पुसणाऱ्या शाईचा पेन. खास बनवलेला पत्ता, धागा किंवा पेटी लागत नाही. सहीमुळे पत्ता एकमेवाद्वितीय ठरतो. बदामाच्या दोन राण्या वापरल्या असाव्यात, ही प्रेक्षकाच्या मनात सर्वप्रथम येणारी शंका तिच्यामुळे आपोआप निकालात निघते.

या प्रयोगाची रचना जादूच्या एका जुन्या नियमाला छेद देणारी आहे. एकाच प्रेक्षकासमोर तीच करामत दुसऱ्यांदा करू नये, असे नवशिक्यांना आवर्जून सांगितले जाते, कारण दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो आणि कुठे पाहायचे हेही कळलेले असते. महत्त्वाकांक्षी पत्ता मात्र पुनरावृत्तीवरच उभा आहे. त्यातील मेख अशी की दिसणारा परिणाम तोच राहतो, पण तो घडवून आणण्याची रीत दर वेळी बदलते. पहिल्या खेपेला प्रेक्षकाने जी शंका घेतली असेल, ती दुसऱ्या खेपेची पद्धत खोडून काढते. स्पॅनिश जादूगार हुआन तामारिस यांनी प्रेक्षकाच्या मनातील संभाव्य खोटी उत्तरे एकेक करून बंद करण्याचा जो विचार मांडला, त्याचे हा प्रयोग उत्तम उदाहरण म्हणता येईल.

इतिहास

या कल्पनेचे श्रेय सामान्यतः एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच जादूगार गुस्ताव्ह आल्बेर्ती यांना दिले जाते. मात्र प्रयोगाचा कणा असलेली दुहेरी उचल, म्हणजे दोन पत्ते एकच असल्याप्रमाणे उचलण्याची युक्ती, त्याहून बरीच जुनी असून अठराव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत तिचे वर्णन सापडते.

प्रयोगाला खरी ख्याती मिळाली ती १९२२ मधील एका घटनेमुळे. हॅरी हुडिनी तेव्हा ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ या संस्थेचे अध्यक्ष होते आणि बेड्या व पेट्यांतून सुटण्याच्या प्रयोगांमुळे त्यांचे नाव जगभर गाजत होते. पत्त्यांची कोणतीही करामत आपण लागोपाठ तीनदा पाहिली तर तिचे रहस्य सांगू, असे ते अभिमानाने म्हणत. शिकागोतील ग्रेट नॉर्दर्न हॉटेलात डाय व्हर्नन या तरुण कॅनडियन जादूगाराने त्यांच्यापुढे हा प्रयोग केला. हुडिनींनी पत्त्यावर आपली आद्याक्षरे लिहिली. व्हर्नन यांनी तो पत्ता वरून दुसऱ्या जागी ठेवला आणि सर्वांत वरचा पत्ता उलटून दाखवला, तर तो हुडिनींचाच निघाला. हुडिनी पुन्हा दाखवायला सांगत राहिले आणि व्हर्नन दाखवत राहिले. किती वेळा, याबाबत सांगणाऱ्यांत एकमत नाही. काही जण पाच म्हणतात, काही सात. हुडिनींना उत्तर मिळाले नाही एवढे मात्र सर्व वृत्तांतांत समान आहे. पुढे व्हर्नन यांची जाहिरातच ‘हुडिनीला चकवणारा माणूस’ अशी होऊ लागली.

या प्रसंगातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. व्हर्नन यांनी पत्ता मधोमध ठेवलाच नव्हता. तो उघडपणे दुसऱ्या जागी ठेवला होता. म्हणजे पत्ता केवळ एका जागेने वर चढत होता. इतक्या छोट्या हालचालीनेही व्यावसायिक माणूस निरुत्तर झाला. परिणाम किती मोठा दिसतो यापेक्षा हालचाल किती स्वच्छ आहे हे अधिक महत्त्वाचे, हा धडा पुढील पिढ्यांनी येथूनच घेतला.

१८९४ मध्ये ओटावा येथे जन्मलेल्या व्हर्नन यांनी एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने १९०२ मध्ये शिकागोत प्रसिद्ध झालेले पत्त्यांच्या हातचलाखीवरील पुस्तक लहानपणापासून अभ्यासले होते. त्या पुस्तकाचा खरा लेखक कोण, हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. व्हर्नन यांनी १९९२ पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात हातांची हालचाल नैसर्गिक असावी या एकाच तत्त्वाचा पाठपुरावा केला, आणि जादूगारांच्या वर्तुळात ते ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखले गेले. शिकागोचेच एड मार्लो यांनीही या प्रयोगासाठी अनेक पद्धती शोधल्या. अमेरिकी जादूगार डॅरिल यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांच्या रचनेत अखेरीस कॅट दोरीने बांधला जातो आणि तरीही पत्ता वर येतो.

तंत्र

प्रयोगाच्या शेकडो आवृत्त्या आहेत. त्यांपैकी नवशिक्याला झेपणारी एक रचना पुढीलप्रमाणे सांगता येते. तिच्यात पत्ता चार वेळा वर येतो.

प्रेक्षक सहीचा पत्ता परत कॅटात ठेवतो तेव्हा जादूगार करंगळीच्या टोकाने पत्त्यांमध्ये बारीक फट धरून ठेवतो. ही फट सहीच्या पत्त्याच्या थेट वर नसून त्याच्या वरच्या एका पत्त्याच्याही वर असते. नंतर कॅट सहज काटल्यासारखा दाखवून फटीखालचा भाग दोन हप्त्यांत वर आणला जातो: आधी त्या भागातील खालचा अर्धा, मग उरलेला. परिणामी सहीचा पत्ता वरून दुसऱ्या क्रमांकावर येतो. आता दुहेरी उचल करून दोन पत्ते एकत्र उलटले की सही दिसते. ही पहिली चढाई.

दोन्ही पत्ते पुन्हा एकत्र पालथे केले जातात. त्यातील सर्वांत वरचा, म्हणजे प्रत्यक्षात भलताच पत्ता, सावकाश उचलून कॅटाच्या मध्ये सरकवला जातो. आपला पत्ता मध्ये गेला असे प्रेक्षक समजतो. खरे तर तो वरच राहिलेला असतो. चुटकी वाजवून एकच पत्ता उलटला की दुसरी चढाई पूर्ण होते. येथे लक्षात घेण्याजोगे हे की ज्या क्षणी प्रेक्षक सर्वाधिक सावध असतो, त्या क्षणी हातात लपवण्यासारखे काहीच नसते. लबाडी आधीच होऊन गेलेली असते. जादूगार प्रेक्षकापेक्षा कायम एक पाऊल पुढे असणे हेच या रचनेचे बलस्थान आहे.

तिसऱ्या खेपेला सहीचा पत्ता काढून घेतला जातो आणि कॅटावरील सर्वांत वरच्या पत्त्याची मागील कड करंगळीने किंचित उचलून धरली जाते. समोरून पाहणाऱ्याला ही उचललेली कड दिसत नाही; मागून आत जाणारा पत्ता कॅटाच्या बराच खाली शिरत असल्याचा भास होतो. वस्तुतः तो वरच्या एकाच पत्त्याखाली जातो. ही युक्ती व्हर्नन यांच्या नावाशी ‘डेप्थ इल्युजन’ म्हणून आणि मार्लो यांच्या नावाशी ‘टिल्ट’ म्हणून जोडली जाते, आणि तिच्या श्रेयावरून जादूच्या अभ्यासकांत बरीच चर्चा झालेली आहे. बाजूला किंवा मागे बसलेल्यांपुढे ती करता येत नाही. मग पुन्हा दुहेरी उचल करून सही दाखवली जाते.

चौथी चढाई डोळ्यांना सर्वांत सुखावणारी असते. दोन पत्ते एकत्र उताणे असतानाच त्यांना लांबीच्या दिशेने कमानीसारखा बाक दिला जातो. सहीच्या पत्त्याला वाकवून त्यावर खूण केली, म्हणजे तो कुठेही गेला तरी ओळखू येईल, असे निमित्त सांगता येते. पत्ते पालथे केल्यावर वरचा वाकलेला पत्ता मध्ये सरकवला जातो आणि अंगठ्याने व बोटांनी कॅट घट्ट दाबून सपाट ठेवला जातो. दाब हळूच सैल केला की सर्वांत वरचा पत्ता प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत टपकन कमान करून उठतो. पाण्याखाली दाबलेले लाकूड सोडताच वर यावे तसा हा देखावा दिसतो. येथे चुटकी किंवा मंत्र लागत नाही; हात स्थिर ठेवून पाहत राहणे पुरेसे असते. बहुतेक जादूगार हा टप्पा शेवटी किंवा शेवटाच्या जवळ ठेवतात, कारण यानंतर साध्या उलटण्याने तितका परिणाम साधत नाही.

दुहेरी उचल शिकणे

या प्रयोगाचे यशापयश दुहेरी उचलीवर अवलंबून असल्याने तिच्या अभ्यासाला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. ती करण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे दोन पत्त्यांखाली आधीच करंगळीची फट मिळवून ठेवणे. बोलता बोलता अंगठ्याने वरचे दोन पत्ते उजवीकडे किंचित सरकवायचे, पुन्हा सरळ करताना त्यांच्याखाली करंगळीचे मांसल टोक राहू द्यायचे, आणि गरज पडेल तेव्हा ती फट वापरायची. फट दाणेदार कागदाच्या जाडीइतकी पुरते. ती जितकी मोठी, तितकी समोरून दिसण्याची शक्यता जास्त.

शिकणारे बहुतेक जण एक मूलभूत चूक करतात: ते फक्त दुहेरी उचलीचाच सराव करतात. त्यामुळे दोन पत्ते उलटताना हात एका पद्धतीने चालतो आणि एक पत्ता उलटताना दुसऱ्या. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण फरक जाणवतो. जाणकार उलटा क्रम सुचवतात. आधी आपण एकच पत्ता कसा उलटतो, हे निवांतपणे न्याहाळावे: कोणते बोट कोठे लागते, पत्ता पुस्तकाच्या पानासारखा वळतो की टोकावरून पलटतो, वेळ किती लागतो. मग दुहेरी उचल त्या सवयीबरहुकूम बसवावी. ते जमत नसेल तर एकेरी उलटण्याची पद्धतच बदलून दोन्हींचे स्वरूप एक करावे. पत्ते खेळणारा माणूस एक पत्ता उलटताना दोन्ही हातांनी काळजीपूर्वक धरत नाही. जादूगाराने तसे केले की त्यात काहीतरी मौल्यवान आहे असे समोरच्याला आपसूक कळते.

दुसरा अडथळा पत्ते सुटे होण्याचा. दोन पत्ते उलटत असताना त्यांच्या कडा किंचितही सरकल्या तर पांढरी रेघ दिसते आणि प्रयोग संपतो. यावर उपाय जोराने पकडण्याचा नाही. घट्ट धरल्याने बोटे पांढरी पडतात आणि तेवढ्यानेच संशय येतो. दोन पत्त्यांना कोपऱ्याकडून अगदी हलका बाक दिला की ते एकमेकांना चिकटून राहतात. पत्त्यांचा दर्जाही येथे निर्णायक ठरतो. घरगुती खेळात वापरले जाणारे स्वस्त पत्ते पातळ किंवा गुळगुळीत प्लास्टिकचे असतात. ते एकतर चिकटतात किंवा निसटतात. व्यावसायिक जादूगार बहुधा ६३ × ८८ मिलिमीटर आकाराचे, खडबडीत पृष्ठभागाचे कागदी पत्ते पसंत करतात. लहान हातांना ५७ मिलिमीटर रुंदीचा अरुंद पत्ता सोयीचा जातो. सहीची शाई वाळेपर्यंत थांबणेही गरजेचे आहे, नाहीतर सहीचा ठसा शेजारच्या पत्त्यावर उमटतो आणि तो भलताच पत्ता मध्ये जाताना उघडा पडण्याचा धोका राहतो. अनुभवी माणूस म्हणूनच सहीनंतर प्रेक्षकाला पत्त्यावर फुंकर मारायला सांगतो.

सराव

आरशासमोर सराव करण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो उपयुक्त असला तरी त्यात एक खोट आहे. स्वतःच्या हातचलाखीच्या नेमक्या क्षणी डोळे मिटण्याची सवय अनेकांना नकळत लागते, आणि ज्या क्षणाकडे पाहायचे तो क्षण आरशात कधीच दिसत नाही. मोबाइलवर चित्रीकरण करून नंतर पाहिल्यास ही उणीव भरून निघते. दोन्ही साधनांचा क्रम ठेवावा: आरसा कोन जुळवण्यासाठी, चित्रीकरण चूक शोधण्यासाठी.

पत्ता कसा सरकतो हे साधल्यावर पुढला टप्पा बोलण्याचा येतो, आणि बहुसंख्य शिकणारे येथेच अडखळतात. हात जमले तरी वाक्याच्या मध्येच जीभ थांबते, कारण लक्ष बोटांकडे जाते. म्हणून शब्द आणि हालचाल वेगवेगळी शिकून नंतर जोडू नये. सुरुवातीपासून, मोडक्यातोडक्या स्वरूपात का होईना, दोन्ही एकत्र चालवावीत. रोज पंधरा-वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण हाताची सवय दोन सरावांमधील विश्रांतीत पक्की होते. रिकाम्या वेळी हातात कॅट घेऊन तो न पाहता फट मिळवत राहणे, हा सरावाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक प्रकार होय.

वेगाविषयी गैरसमज मोठा आहे. ‘हाताची चपळाई डोळ्याला फसवते’ हे वाक्य लोकांच्या तोंडी असते, पण हा प्रयोग घाईत केल्यास हमखास बिघडतो. अर्जेंटिनाचे रेने लाव्हान्द यांनी नऊ वर्षांचे असताना उजवा हात गमावला होता. ते एका हाताने आणि अत्यंत संथ गतीने पत्त्यांचे प्रयोग करीत. त्यांच्या सादरीकरणातून एवढे सिद्ध झाले की लोक हालचाल किती जलद झाली हे पाहत नाहीत. ती कधी झाली याकडे लक्ष असते की नसते, हा प्रश्न असतो.

मानसशास्त्रीय बाजू

पत्त्यांच्या जादूतील फसवणूक कशी घडते, याचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी १८९४ मध्ये जादूगारांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी सलग घेतलेल्या क्षणचित्रांचा वापर केला होता. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १९०० मध्ये जादूच्या भ्रमांचे मानसशास्त्र तपासले. एकविसाव्या शतकात दृष्टीच्या हालचाली मोजणारी उपकरणे आल्यावर हा विषय पुन्हा पुढे आला. त्यांतून दिसले की प्रेक्षक रहस्याच्या जागेकडे थेट पाहत असतानाही लक्ष अन्यत्र असल्यास त्याला ते उमगत नाही. डोळे आणि ध्यान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

महत्त्वाकांक्षी पत्त्यात हे अगदी ठळकपणे घडते. पत्ता वर आल्यावर प्रेक्षक हसतो, शेजाऱ्याकडे पाहतो, आपापसात बोलतो. त्या सैल पडलेल्या क्षणी पुढच्या खेपेसाठी लागणारी फट मिळवली जाते. नवशिक्याला वाटते की टाळ्या मिळाल्या म्हणजे टप्पा संपला. जाणकाराच्या दृष्टीने पुढला टप्पा त्या टाळ्यांतच सुरू झालेला असतो.

रहस्य उघड करण्याचा प्रश्न

जादूच्या रहस्यांचा प्रसार करावा की नाही, यावर जुना वाद आहे. १५८४ मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी चेटूक म्हणून समजल्या जाणाऱ्या गोष्टींचे स्पष्टीकरण देणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात हातचलाखीच्या युक्त्या सविस्तर सांगितल्या. माणसे चेटकिणीच्या आरोपाखाली जिवाला मुकत असताना, साध्या युक्तीने घडणारी गोष्ट अद्भुत नसते हे दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. उलट १९९७ नंतर अमेरिकी दूरचित्रवाणीवर मुखवटाधारी जादूगाराने मोठ्या प्रयोगांची रहस्ये करमणुकीसाठी उघड केली, तेव्हा व्यावसायिकांत तीव्र नाराजी उमटली. दोन्ही घटनांमधील फरक उद्देशाचा आहे.

पुस्तके आणि शिकवणीच्या ध्वनिचित्रफितींमुळे आज हा प्रयोग कुणालाही शिकता येतो. तरीही रहस्य कळणे म्हणजे प्रयोग करता येणे नव्हे: दोन पत्ते एकत्र उलटतात, हे एका वाक्यात सांगता येते, पण ते वाक्य माहीत असलेल्या माणसालाही व्यवस्थित केलेली दुहेरी उचल दिसत नाही. शिकणाऱ्याने पाळायचा संकेत मर्यादित आहे. नेमकी युक्ती नुसत्या कुतूहलाने विचारणाऱ्याला प्रयोग संपताच सांगू नये, आणि जुगाराच्या मेजावर किंवा ओळखीच्या लोकांत पैशाच्या खेळात ती कधीही वापरू नये. दुहेरी उचल, खोटी काटणी व फट या साऱ्या पत्तेचोरांच्याही युक्त्या आहेत. रंगमंचावरील प्रेक्षक आपण फसवले जाणार हे मान्य करूनच बसलेला असतो, तर खेळात समोर बसलेल्याने तशी संमती दिलेली नसते.

सादरीकरण

पत्ता चार-पाच वेळांपेक्षा अधिक वर आणू नये, असा संकेत आहे. त्यापलीकडे प्रेक्षक आश्चर्य करणे सोडून मोजू लागतो. शेवटी पत्ता कॅटाबाहेरच्या एखाद्या जागी, जसे जादूगाराच्या पाकिटात, सापडण्याचा प्रकारही प्रचलित आहे, परंतु त्यासाठी वेगळे साहित्य व कौशल्य लागते. सहीचा पत्ता प्रेक्षकाला भेट देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी पाळली जाते. कॅटातला एक पत्ता कायमचा कमी होतो, म्हणून नियमितपणे प्रयोग करणारे जादूगार सुटे पत्ते किंवा जास्तीचे कॅट जवळ बाळगतात.